पंगत आणि यादी



गेल्या महिन्यात आपल्या मंदिराच्या मंडळाकडे एका कंपनीचे पत्र आले. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींतील एकाकी वृद्ध, निराधार स्त्रिया आणि मजुरांची मुले यांस दररोज एक वेळचे शिजवलेले अन्न पुरवावे, त्याचा खर्च कंपनी सोसेल, मंदिराने जागा, पाणी आणि माणसे द्यावीत, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात दोन अटी आहेत. जेवणाऱ्यांची नावनिशीवार यादी ठेवावी ही पहिली, आणि मंडपावर कंपनीच्या नावाचा फलक असावा ही दुसरी. मंडळाच्या बैठकीत या पत्रावर दोन तास चर्चा झाली. कोणी म्हणाले, अन्न हे परब्रह्म. ते कोठूनही येवो. कोणी म्हणाले, देवाच्या दारात व्यापाऱ्याची पाटी नको. निर्णय पुढील बैठकीवर गेला, आणि "तुम्ही पुजारीबुवांचे चिरंजीव, तेव्हा पत्रिकेत याविषयी चार शब्द लिहा," अशी आम्हांस आज्ञा झाली. आमचे शिक्षण बारावीपर्यंतचे. शास्त्राधार म्हणून जे काही ठाऊक आहे ते तीर्थरूपांच्या तोंडून ऐकलेले. चुकले तर वडीलधाऱ्यांनी कान धरावा.

तैत्तिरीय उपनिषदात भृगूची कथा आहे. बापाने मुलास सांगितले, तप कर आणि ब्रह्म म्हणजे काय ते तूच शोधून काढ. भृगूला प्रथम जे उमगले ते अन्न होते. बापाने त्याला पुन्हा तपास पाठविले. तो प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत अखेर आनंदापर्यंत पोचला. येथे कथा संपावी असे आपणांस वाटते. परंतु ऋषी तेथे थांबत नाहीत. शिखर गाठल्यावर ते पुन्हा खाली, अन्नाकडे वळतात, आणि अगदी गृहस्थाला सांगावे तसे व्रत सांगतात, की अन्नाची निंदा करू नकोस, अन्न टाकून देऊ नकोस, अन्न पुष्कळ पिकव, आणि वस्तीला आलेल्या कोणालाही परत लावू नकोस. लहानपणी आम्ही तीर्थरूपांस विचारले होते, की एवढे ब्रह्मज्ञान झाल्यावर पुन्हा भाकरीची गोष्ट कशाला? ते म्हणाले, "ज्याले ब्रह्म कळलं, त्यालेच शेजारच्याची भूक दिसते."

आता आपल्या भागात भूक आहे तरी कोठे, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. संत्र्याच्या हंगामात येथून गाड्यांमागून गाड्या भरून जातात, कापूस पिकतो, बोरगावला कारखाने उभे आहेत, जामसावळीच्या मारुतिरायाच्या दारी शनिवार-मंगळवारी जी गर्दी लोटते तीत उपाशी चेहरा सहसा दिसत नाही. दिसत नाही हे खरे, कारण भुकेलेला मनुष्य गर्दीत येतच नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्यप्रदेशातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३३ बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा सुमारे ४३ होता. म्हणजे सुधारणा झाली आहे हे नाकारू नये. तथापि तीन मुलांमागे एक मूल हाडकुळे राहते आणि आपण त्यास सुधारणा म्हणतो, हेही विसरू नये.

सरकारचे धान्य मिळते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबास दरडोई दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते विनामूल्य देण्याचा निर्णय आहे. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गहू-तांदूळ म्हणजे जेवण नव्हे. ज्या आजीचे गुडघे धरले आहेत, जिचा मुलगा नागपुरास कामाला गेला तो दिवाळीलाच येतो, तिने दळायला कोणाला धाडावे? वरणाला डाळ, फोडणीला तेल, चुलीला सरपण कोठून आणावे? झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटला नाही की तीन-तीन खेपा घालाव्या लागतात त्या निराळ्याच. कोठार भरलेले असूनही ताट रिकामे राहते ते या मधल्या वाटेवर, आणि कंपनीचे पत्र नेमके याच वाटेविषयी आहे. म्हणून ते आम्हांस महत्त्वाचे वाटते.

कंपन्या हे का करतात, हेही समजून घेतले पाहिजे. केवळ पुण्यासाठी करतात असे मानणारा भोळा, आणि केवळ जाहिरातीसाठी करतात असे म्हणणारा उतावळा. १ एप्रिल २०१४ पासून आपल्या देशात असा नियम आहे, की ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के लोककल्याणाच्या कामांवर खर्च करावे. ज्या कामांवर हा खर्च करता येतो त्यांची एक अनुसूची कायद्यास जोडलेली आहे, आणि तिच्या आरंभीच भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांच्या निर्मूलनाचा उल्लेख आहे. शिवाय जेथे कंपनीचे काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. ज्या मातीचे पाणी प्यायलो तिला आधी द्यावे, हे आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांनी कायदा न वाचताच सांगितले असते.

या कायद्याच्या संबंधात एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. २०२० च्या टाळेबंदीत कंपन्यांनी विचारले, की कामबंदीच्या दिवसांत मजुरांना जो पगार देऊ तो या दोन टक्क्यांत धरता येईल काय? १० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने उत्तर दिले, की नाही. एरवीचा पगार हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि अशा संकटातील पगार हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, तो समाजकार्यात मोडत नाही. सरकारी परिपत्रकात धर्मशास्त्र सापडावे अशी आमची अपेक्षा नव्हती, पण येथे ते सापडले. ऋण वेगळे, दान वेगळे. ज्याच्या घामावर नफा उभा राहिला त्याचे देणे हे ऋण आहे; ते फेडल्यावर जे उरते त्यातूनच दान होते. ऋण बुडवून केलेले दान म्हणजे शेजाऱ्याच्या झाडाची फुले तोडून केलेली पूजा. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तेथे १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिनिधी सुरू केला, तोही कोणत्याही कायद्याने भाग पाडले नसताना. ती गिरणी आज राहिली नाही, परंतु क्रम त्यांनी बरोबर ओळखला होता. आधी कामगाराचे म्हातारपण, मग बाकीचे धर्मकार्य.

हा क्रम चुकला म्हणजे काय होते हे आपण पाहिले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते आपल्याच मध्यप्रदेशातील शहडोल आणि उमरिया भागातले. जालन्याच्या पोलादी कारखानदारीत ते काम करीत होते, काम थांबले, आणि घरची गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने भुसावळकडे पायी निघाले होते. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. ते छायाचित्र ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

त्याच दिवसांतील आमची स्वतःची गोष्ट आता सांगितली पाहिजे. ती सांगताना मान वर होत नाही, पण न सांगता या विषयावर लिहिणे हा दांभिकपणा होईल.

नागपूरहून बैतूलकडे जाणारा महामार्ग आपल्या पांढुर्ण्यावरून जातो. एप्रिलच्या त्या उन्हात त्या रस्त्याने माणसांच्या रांगा चालत होत्या. एका कंपनीने आमच्याकडे धान्याच्या थैल्या पाठविल्या होत्या. प्रत्येक थैलीत पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ आणि हळद-तिखट. वाटप मंदिराच्या ओट्यावर व्हायचे होते आणि यादी आमच्या हाती होती. आम्ही तेव्हा नुकतीच शाळा संपविलेली. हाती वही आणि खिशाला पेन असल्यामुळे आपण कोणी अधिकारी झालो आहोत असे वाटत होते. दुपारी एक बाई आली. संत्र्याच्या तोडणीसाठी छिंदवाड्यापलीकडच्या डोंगरांतून आलेल्या टोळीतली. टोळी फुटली, मुकादम निघून गेला आणि ती एका लहान मुलीसह येथेच अडकली. आम्ही वही उलगडली, नाव शोधले, ते नव्हते. आम्ही म्हणालो, "तुमचं नाव यादीत नाही." ती काही बोलली नाही. मुलीचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. थैल्या आमच्या पाठीशी रचलेल्या होत्या. संध्याकाळी मोजल्या तेव्हा चार उरल्या होत्या.

तीर्थरूप गाभाऱ्यातून हे ऐकत होते. नैवेद्याचे ताट त्यांनी तसेच उचलले, वरून फडके झाकले आणि सायकलवर बसून तिच्या मागे गेले. बसथांब्यापर्यंत, तेथून रेल्वे स्टेशनापर्यंत जाऊन आले. ती भेटली नाही. परत आल्यावर ते रागावले नाहीत; रागावले असते तर बरे झाले असते. एवढेच म्हणाले, "देवाले निवद दाखवतानी आपण कार्ड मागतो का रे?" त्या बाईचे नाव आम्हांस आजही ठाऊक नाही. यादीत ते नव्हते म्हणून आम्ही तिला परत लावले, आणि तिला विचारून ते लिहून घेण्याचे आम्हांस सुचले नाही.

त्या दिवसानंतर पुष्कळ काळ आम्हांस यादी या वस्तूचाच तिटकारा आला होता. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. त्याचे नाव आधीपासून कोणत्या वहीत असणार? अन्नदान आणि वही यांचे वैर आहे असे आमचे मत झाले होते. ते मत बदलले ते दामाजीपंतांच्या कथेमुळे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपणांपैकी लहान मुलांसही ठाऊक असेल. दुष्काळात लोक अन्नान्न करून मरू लागले तेव्हा पंतांनी बादशहाची धान्याची कोठारे उघडून दिली. बादशहाने त्यांस पकडून आणण्यास माणसे धाडली, आणि इकडे पांडुरंग विठू महार होऊन दरबारात गेला व धान्याचे मोल भरून आला. कीर्तनात येथे टाळ्यांचा गजर होतो आणि पुढची एक बारीक गोष्ट निसटते. विठूने पैसे नुसते भरले नाहीत. त्याची पावती घेतली. प्रत्यक्ष भगवंताने पावती घ्यावी! दामाजींनी वाटलेले धान्य त्यांच्या घरचे नव्हते. दुसऱ्याच्या कोठारातले धान्य देणाऱ्याला हिशेब द्यावाच लागतो, आणि तो देवानेही टाळला नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याची स्थिती दामाजींसारखीच आहे. पैसा त्याचा नाही, भागधारकांचा आहे. तो जर म्हणत असेल की किती जणांनी जेवले ते लिहून ठेवा, तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. उलट आपल्या उत्सवांत वर्गणीचे तेल, साखर आणि तूप कोठे जाते याची अशीच वही असती तर काही जुने वाद टळले असते. (हे वाक्य मंडळास रुचणार नाही, राहू द्यावे अशी विनंती.)

वहीचा दुसराही गुण आहे. वही रोज उघडावी लागते. आपण हनुमान जयंतीला भंडारा करतो. वांग्या-बटाट्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी. दोन हजार पान उठते, चार चुली रात्रभर धगधगतात, तरुण मंडळी घामाघूम होऊन वाढतात. तो सोहळा कोणाला आवडत नाही? परंतु त्या पंगतीत बसलेल्यांपैकी घरी जेवण तयार नव्हते असे किती? आम्ही स्वतः त्या दिवशी तीनदा जेवतो. आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी उचलून झाल्यावर भूक पुन्हा आपल्या वेळेवर येते. तिला जयंती नाही, पुण्यतिथी नाही. कारखान्याला रोज भोंगा ठाऊक असतो. रोज तीच वेळ, तेच माप. भुकेशी लढायला हा गुण लागतो, आणि तो कंपन्यांपाशी आहे.

मोठ्या प्रमाणावर हे कसे चालते याची उदाहरणे आहेत. बंगळूर येथे २००० मध्ये इस्कॉनच्या मंडळींनी पाच शाळांतील पंधराशे मुलांपासून अक्षयपात्राचे काम आरंभिले. मंदिराची माणसे, सरकारचे धान्य आणि कंपन्यांचा पैसा या तिन्हींच्या मेळातून ते आज देशभर लाखो शाळकरी मुलांपर्यंत पोचले आहे. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात कांबळगाव आणि नाशिक जिल्ह्यात मुंढेगाव येथे टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने आदिवासी आश्रमशाळांसाठी मध्यवर्ती स्वयंपाकघरे उभी राहिली. ज्या जव्हार-मोखाडा भागात १९९२-९३ मध्ये उपासमारीने व रोगाने बालके दगावल्याचे सबंध राज्याने ऐकले, तो भाग पालघरातच आहे. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक काढली. लग्नसमारंभांतून उरलेले चांगले अन्न उचलून रात्रीच्या रात्री भुकेल्यांपर्यंत पोचवायचे. ती काही धनाढ्य कंपनी नव्हे. दुसऱ्याचा डबा वेळेवर पोचविण्यात ज्यांचा जन्म गेला त्या माणसांनी आपलेच कौशल्य तेवढे अर्पण केले, आणि हे दान आम्हांस कोट्यवधींच्या धनादेशापेक्षा उणे वाटत नाही.

मग मंदिराने काय द्यावे? जागा आणि पाणी कोणीही देईल. आपल्यापाशी जी खरी ठेव आहे ती पंगत. यादीत मनुष्याला क्रमांक असतो, पंगतीत शेजारी असतो. वाढपी पुढे येतो तेव्हा तो पानाकडे पाहतो, तोंडाकडे नाही. पान रिकामे दिसले की वाढतो. जेवणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. हा आपल्या संतांचा वारसा आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. तथापि अभिमान बाळगताना एवढे स्मरावे, की ही पंगतही सर्वांना सदैव खुली नव्हती. पंढरीच्या विठोबाचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून सानेगुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणजे देवाच्या दारातही एक यादी होती, ती कोठे लिहिलेली नव्हती इतकेच. गाडगेबाबांच्या नावे जी दहा कामे सांगितली जातात त्यांत भुकेल्याला अन्न हे पहिले. हातात खराटा घेऊन तो महापुरुष याच आपल्या वऱ्हाडात फिरला, धर्मशाळा बांधल्या, लाखोंचा पैसा हाताखालून गेला. स्वतः मात्र खापरात भाकरी खाल्ली. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. त्यांच्या धर्मशाळांचे हिशेब मात्र चोख होते.

आता पत्रातील दोन अटींविषयी आमचे नम्र मत.

यादी ठेवावी. परंतु यादी जेवण झाल्यावर लिहावी, आधी नाही. आधी पान वाढावे, मग नाव विचारावे. सांगितले तर लिहावे, न सांगितले तर "एक अतिथी" असे लिहावे. कंपनीच्या हिशेबनिसाला ताटांची संख्या हवी असते, ती यातून मिळते. तरीही शंभर ताटे मंजूर असतील आणि एकशे सहावा मनुष्य आला तर? त्या वरच्या ताटांसाठी मंदिराचा स्वतःचा गंज वेगळ्या चुलीवर चढावा, आणि त्याचा शिधा आपण सभासद कुटुंबांनी पाळीपाळीने द्यावा. दरमहा एक पायली तांदूळ आणि पावशेर डाळ कोणत्याही घरास जड नाही. कंपनीला सर्वच खर्च करू देणे आम्हांस पसंत नाही. मग अन्न तिचे आणि आपण फक्त भाडोत्री मांडव असे होईल.

फलकास आमचा विरोध नाही, पण तो मंडपावर नको. भांडारगृहात, जेथे पोती उतरतात त्या भिंतीवर लावावा. ज्याने धान्य पाठविले त्याचे नाव धान्यापाशी शोभते. जेवणाऱ्याच्या डोक्यावर ते नको, आणि जेवतानाचे छायाचित्र तर मुळीच नको. चुलींचे, गंजांचे, वाढप्यांचे हवे तितके काढावे. कंपनीचे जे गृहस्थ पत्र घेऊन आले होते त्यांच्याशी आम्ही याविषयी सहज बोललो. ते तरुण आहेत, आमच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे. म्हणाले, छायाचित्राशिवाय वरच्या कचेरीत अहवाल पुढे सरकत नाही. आम्ही त्यांस विनंती केली, की पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः यावे, पंगतीत बसावे आणि मग अहवाल लिहावा. ते हसले, पण येतो म्हणाले.

आणखी एक प्रश्न मंडळाने त्यांस लेखी विचारावा असे सुचवितो. तुमच्या कामगारांचे, विशेषतः ठेकेदाराकडून आलेल्यांचे वेतन वेळेवर मिळते ना? आपण दान घेणारे, आपण असे विचारू नये, असे काही ज्येष्ठ म्हणतील. परंतु देवाला दूर्वा वाहतानाही त्या कोठून आणल्या हे पुजारी विचारतो. उत्तर होकारार्थी आले तर पुढच्या आठवड्यापासून चूल पेटविण्यास अडचण नाही.

पुढील बैठक येत्या एकादशीस सायंआरतीनंतर सभामंडपात आहे. तोवर तीन गोष्टींची निकड आहे. मोठा पितळी गंज कल्हईला द्यावयाचा आहे. ज्या घरी वगराळी आणि पाट जादा असतील त्यांनी कळवावे. आणि सकाळी दहा ते बारा या वेळेत वाढण्यास सहा माणसे हवीत, स्त्रिया अथवा पुरुष. पहिले नाव तीर्थरूपांनी आपले घातले आहे, दुसरे आमचे आहे.